खेळवेड्या भावाला वाढदिवसाला काय द्यावं? रॅकेट घेण्याआधी त्याची किट बॅग उघडून बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकटा भाऊ ३२ वर्षांचा, नागपूरला मिहानमध्ये नोकरीला. आठवड्यातले चार-पाच दिवस सकाळी बॅडमिंटन, रविवारी मित्रांसोबत टेनिस बॉल क्रिकेट आणि उरलेल्या वेळात टीव्हीवर जो खेळ लागेल तो. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे आणि तुमचं बजेट चार ते पाच हजार. त्याला न सांगता एखादी भारी रॅकेट द्यावी असं तुमच्या मनात आहे, फक्त कोणती ते कळत नाहीये. ते जमत नसेल तर जर्सी किंवा स्मार्ट वॉच, असंही तुम्ही लिहिलंय.

मीही नागपुरातच, बर्डीजवळ खेळाच्या सामानाचं दुकान चालवतो आणि रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळीची तार (आम्ही तिला गट म्हणतो) बसवायचं काम, स्वतः करतो. त्यामुळे कोणी काय भेट म्हणून नेलं हे जसं मला दिसतं, तसंच त्या वस्तूचं पुढे काय झालं हेही दिसतं. कारण तोच भाऊ, तोच नवरा, तोच मुलगा महिन्याभराने ती वस्तू घेऊन माझ्याकडेच येतो आणि जरा संकोचून विचारतो, "भाऊ, बदलून मिळेल का?"

तर खरी अडचण कोणती रॅकेट घ्यावी ही नाही. ज्या विषयातलं त्याला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, त्याच विषयातली वस्तू तुम्ही त्याच्यासाठी निवडायला निघालाय, ही अडचण आहे. अशा वेळी मी एकच सांगतो. ज्याने तो खेळतो ते हत्यार त्याचं त्याला निवडू द्या. जिथे तो स्वतःसाठी खर्च करताना हात आखडता घेतो, तिथे तुम्ही खर्च करा. खेळणाऱ्यांची ही गंमतच आहे. सात-आठ हजारांची रॅकेट घेताना मागेपुढे पाहणार नाहीत, पण पायात तळ झिजलेले बूट घालून वर्ष काढतील आणि शटल कायम दुसऱ्याच्या डब्यातलं वापरतील.

रॅकेट का नको ते नीट सांगतो, नाहीतर तुम्ही उद्या घेऊनच याल. दोन रॅकेट दिसायला सारख्या असल्या तरी हातात सारख्या लागत नाहीत. पहिलं वजन. हँडलच्या वर जो निमुळता कोन असतो तिथे ३यू, ४यू, ५यू असं काहीतरी लिहिलेलं असतं. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन कमी. चार-पाच ग्रॅमने काय होतं असं तुम्हाला वाटेल, पण तासभर डोक्यावरून मारून झालं की खांदा बरोबर सांगतो. दुसरा बॅलन्स. मागून जोरात स्मॅश मारणाऱ्याला वजन डोक्याकडे, म्हणजे जाळीच्या बाजूला असलेली रॅकेट लागते, तर डबल्समध्ये नेटजवळ पटापट हात फिरवणाऱ्याला डोक्याकडे हलकी. तिसरी दांडी, ती कडक आहे की वाकणारी. मनगटाला तेवढा वेग नसताना कडक दांडीची रॅकेट घेतली की शटल मागच्या रेषेपर्यंत पोचत नाही, मग माणूस आणखी जोर लावतो आणि कोपर दुखवून घेतो. चौथी हँडलची जाडी, जी४ की जी५. इथेही मोठ्या आकड्याचं हँडल बारीक. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कितीही महागाचा असला तरी आपल्या डोळ्यांना चालत नाही, तसंच हे आहे.

यात एक व्यवहाराचा पेचही आहे. चांगल्या रॅकेट बहुतेक वेळा बिनगटाच्या येतात, गट वेगळी घेऊन बसवावी लागते. बिनगटाची दिली तर त्याला त्या दिवशी खेळता येणार नाही. गट बसवून दिली तर कुठलाच दुकानदार ती परत घेणार नाही, मीसुद्धा नाही. शिवाय आठवड्यातून पाच दिवस खेळणाऱ्याकडे आज जी रॅकेट असेल, ती बहुतेक तुमच्या बजेटच्या बरोबरीची किंवा वरचीच असेल. मग तुमची रॅकेट तो हसून घेईल, "मस्त आहे ताई" म्हणेल, आणि पाहुणे आले की त्यांना खेळायला देईल. दिवाळीत भाचे आले की अशा रॅकेट बाहेर निघतात, मी बघतो ना.

एका परिस्थितीत मात्र मी रॅकेटला हो म्हणेन. भावाकडे एकच रॅकेट असेल आणि ती त्याला मनापासून आवडत असेल, तर त्याच मॉडेलची, त्याच वजनाची, त्याच ग्रिपची दुसरी घ्या. गट खेळता खेळताच तुटते, सामना ऐन रंगात असताना. हातात तशीच दुसरी असली की खेळ थांबत नाही. पण हे बजेटवर अवलंबून आहे आणि मॉडेल अजून बाजारात मिळतं का यावरही. कंपन्या दर एक-दोन वर्षांनी रंग आणि नावं बदलत राहतात.

आता तुमचं काम. भाऊ आंघोळीला गेला की त्याची किट बॅग उघडा. वास येईल, त्याला इलाज नाही.

सगळ्यात आधी बूट काढा आणि उलटे करा. तो उजव्या हाताने खेळत असेल तर डाव्या बुटाचं टोक बघा, अंगठ्याच्या आतल्या बाजूची कड. पुढे झेप घेऊन नेटजवळचं शटल उचलताना मागचा पाय कोर्टवर घासत येतो, म्हणून बूट तिथे आधी फाटतो. मग तळवा बघा. अंगठ्याच्या गोळ्याखालची नक्षी पुसली गेली असेल आणि रबर चकचकीत, कडक झालं असेल, तर त्या बुटाला आता पकड उरलेली नाही. तो बॅडमिंटनचाच बूट आहे का, हेही बघा. खूप लोक रनिंग शूज घालून कोर्टवर उतरतात. रनिंग शूज सरळ पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात, टाच उंच आणि मऊ. बॅडमिंटनमध्ये माणूस आडवा, तिरका, मागे पळतो. उंच मऊ टाचेवर आडवं वळलं की घोटा मुरगळतो. माझ्याकडे क्रेप बँडेज आणि अँकल सपोर्ट घ्यायला येणाऱ्यांना मी आधी पायात काय घालून खेळत होता ते विचारतो, आणि बहुतेकांचं उत्तर तेच निघतं.

बूट खराब निघाले तर तुमचा प्रश्न सुटला असं समजा. नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणाऱ्या तळाचे बॅडमिंटन शूज चार-पाच हजारांत चांगल्यातले येतात. सरळ सांगायचं तर त्या पैशात रॅकेट मध्यम मिळते आणि बूट उत्तम मिळतात. नंबर त्याला विचारायची गरज नाही. जुन्या बुटाच्या जिभेच्या आत लेबल असतं, त्याचा फोटो काढा. त्यावर यूके नंबरच्या शेजारी सेंटीमीटरमधलं मापही असतं, दुकानदाराला ते दाखवा. एका कंपनीचा ८ दुसऱ्या कंपनीच्या ८ इतका नसतो, सेंटीमीटरवर जास्त भरवसा ठेवता येतो. जुना बूट करंगळीकडून फुगलेला किंवा फाटलेला दिसला तर पाय रुंद आहे, तेही सांगा. घेतानाच दुकानदाराशी बोलून ठेवा: घरात फरशीवर घालून बघतो, बाहेर घालणार नाही, नाही बसला तर बदलून द्या. बिल आणि डबा नीट असेल तर बहुतेक जण मानतात. आणि भावाला सांगा, संध्याकाळी घालून बघ. दिवसभरात पाय थोडा सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी अंगठ्याला लागतो.

बूट ठीकठाक असतील तर रॅकेटच्या जाळीवरून बोट फिरवा. मधोमध, जिथे शटल लागतं, तिथे आडव्या-उभ्या तारा एकमेकींना कापून खाचा पडल्या असतील, धागा फुसका दिसत असेल, किंवा तारा सरकून वाकड्या झाल्या असतील आणि परत जागेवर येत नसतील, तर ती गट मेलेली आहे. अशा गटने खेळणारा रॅकेटला दोष देतो. "आता पहिल्यासारखी मारत नाही" म्हणत नवीन रॅकेट बघायला येतो आणि नवीन गट बसवून खुशीत परत जातो. आमच्याकडे चालत आलेला एक ठोकताळा आहे: आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्यांदा गट बदला. भाऊ पाच दिवस खेळतो म्हणजे वर्षातून पाचदा. तो एकदा-दोनदाच बदलत असेल, तेही तुटल्यावर.

म्हणून माझ्याकडे कोणी "काहीतरी वेगळं" मागितलं की मी वर्षभराचं गटिंग सुचवतो. दुकानदाराकडे आगाऊ पैसे भरायचे, कार्डावर लिहून घ्यायचं की या माणसाच्या रॅकेटला वर्षभरात चार किंवा पाच वेळा अमुक दर्जाची गट बसवून द्यायची. छापील योजना नसली तरी ओळखीचा गटिंगवाला आनंदाने करून देतो. गट कोणती आणि किती पाउंडवर, म्हणजे किती ताणून बसवायची, हे भाऊच ठरवेल. जाड गट टिकते, पातळ गट झटकन उडवते पण लवकर तुटते. योनेक्सची बीजी ६५ ही ०.७० मिलिमीटरची, बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ ची. एवढ्याशा फरकावरून आमच्याकडे तासभर वाद चालतात. टेन्शनचंही, म्हणजे गटच्या ताणाचंही तेच. हौशी खेळाडूला २२ ते २४ पाउंड पुरतात, पण टीव्हीवर कोणीतरी २८ ऐकतो आणि तेवढंच मागतो. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनला आपल्या नागपूरच्या मालविका बन्सोडने सायना नेहवालला हरवलं, त्यानंतर आमच्याकडे तिची रॅकेट आणि तिचं टेन्शन मागणारे पालक यायला लागले. दहा वर्षांच्या पोरीच्या हाताला ते झेपत नाही, हे समजावून सांगणं हा आमचा अर्धा धंदा आहे. तुम्ही यात पडू नका. पैसे भरा, कार्ड द्या.

बॅगेत पुढे ग्रिप बघा. काळी पडलेली, चिकट, खाली सुटत आलेली असेल तर ओव्हरग्रिपचा, म्हणजे हँडलवर वरून गुंडाळायच्या पट्ट्यांचा मोठा डबा घ्या. वस्तू किरकोळ आहे, पण आपल्याकडे मार्चपासून हाताला जो घाम येतो, त्यात रोज खेळणाऱ्याची ग्रिप दोन-तीन आठवड्यांत जाते. मुख्य भेटीसोबत हा डबा द्या.

शटलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे नागपूरचं हवामान मध्ये येतं आणि बाहेरून मागवणारे इथेच फसतात. भाऊ पिसांच्या शटलने खेळतो की नायलॉनच्या, हे बॅगेत कळेलच. पिसांच्या शटलला १६ पिसं असतात, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. डब्यावर ७५, ७६, ७७, ७८ असा वेगाचा आकडा असतो, काही कंपन्या त्याऐवजी १ ते ५ असे आकडे लिहितात. हवा तापली की विरळ होते, शटलला अडथळा कमी होतो आणि तेच शटल लांब जातं. म्हणून थंडीत ७७ बरोबर पडत असेल, तर एप्रिल-मेमध्ये त्याच कोर्टवर ते रेषेबाहेर जातं आणि ७६ किंवा ७५ लागतं. नायलॉनमध्ये हे रंगावर असतं. बुचावरची पट्टी हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. आपल्या उकाड्यात हिरवीच घ्यायची. लाल पट्टीचा डबा स्वस्तात मिळाला म्हणून कोणी ऑनलाइन मागवतो, पण लाल पट्टी कडाक्याच्या थंडीसाठी असते. ती शटल्स इथे कोर्टच्या बाहेर फिरत राहतात.

दुसरा त्रास कोरड्या हवेचा. उन्हाळ्यात पिसं सुकून कडक होतात आणि दोन-चार फटक्यांत तुटतात. त्यावर खेळणारे लोक डब्याची दोन्ही झाकणं उघडून किटलीची वाफ थोडा वेळ आतून जाऊ देतात, मग डबा बंद करून रात्रभर ठेवतात. पिसांना थोडा ओलावा मिळाला की शटल जास्त टिकतं. भाऊ हे करत असेलच, नसेल तर त्याला सांगा, ही फुकटातली भेट. चांगल्या पिसांच्या शटलच्या डब्याला आता हजार-दीड हजार सहज लागतात, वरच्या दर्जाच्याला त्याहून जास्त. म्हणूनच प्रत्येक ग्रुपमध्ये शटल कोणी आणायचं यावरून रुसवेफुगवे असतात. वाढदिवसाला दोन-तीन डबे मिळालेला माणूस त्या महिन्यात ग्रुपचा राजा असतो. फक्त खूप डबे एकदम घेऊ नका, पडून राहिले की सुकतात.

बॅगेकडे बघितलंच आहे तर बॅगही बघा. तो सकाळी खेळून तसाच मिहानला जात असेल तर रॅकेट दिवसभर गाडीच्या डिकीत राहत असणार. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी आतून किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. त्या उष्णतेने गट सैल पडते आणि फ्रेमलाही ते बरं नाही. आतून चंदेरी थर्मल अस्तर असलेली किट बॅग मिळते, बूट ठेवायला वेगळा कप्पा असलेली. अशी बॅग खेळणारे स्वतःहून सहसा घेत नाहीत, आहे त्यात चालवतात. बूट आणि गट दोन्ही ठीक असतील तर माझं मत या बॅगेला.

रविवारच्या क्रिकेटसाठी बॅट घ्यायचा विचार आला असेल तर तोही सोडा. टेनिस बॉलची बॅट हलकी, जाड कडांची, मागून कोरलेली असते. सीझन बॉलची, म्हणजे कातडी कडक बॉलची वेगळी. त्यात रविवारच्या टीमची बॅट कोणा एकाची नसते, सगळेच तिने मारतात. तुम्ही दिलेली बॅट पहिल्याच रविवारी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातून यॉर्कर अडवताना खालून चिरेल. क्रिकेटसाठी द्यायचंच तर चांगल्या बॉलचा डबा द्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा भाचा किंवा मुलगा सीझन बॉलवर नेट प्रॅक्टिसला जायला लागला असेल, तर दोन ओळी त्यांच्यासाठी. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून एक नंबर मोठी बॅट घेऊ नका. स्वेटर मोठा घेतला तर चालतो, बॅट नाही. जड, लांब बॅटने पोट्ट्याचा खालचा हात जोर लावायला लागतो, फटका आडवा होतो आणि कोचला ती सवय मोडायला पुढचं अख्खं वर्ष जातं. बॅट पायाशी टेकवून उभी केली की हँडलचं टोक कंबरेच्या खाली, मांडीच्या वरच्या भागाशी यावं. इंग्लिश विलो लाकडाची घेतली तर ती दुसऱ्या दिवशी नेटमध्ये नेता येत नाही. आधी जवसाचं कच्चं तेल हलक्या हाताने लावायचं, मग लाकडी हातोडीने कित्येक तास ठोकायचं, कडांना जरा जास्त. जवस आपल्या विदर्भाचंच, पण किराणा दुकानातून खायचं आणू नका, बॅटचं तेल वेगळं मिळतं. आणि बजेट कमी असेल तर बॅटच्या आधी हेल्मेट आणि गार्ड चांगल्यातले घ्या. पोराला ते हवे नसतात, म्हणून मोठ्यांनी घ्यायचे.

आता तुमच्या भावाची दुसरी बाजू, बघण्याची. इथे मला सरप्राइज आवडतं, कारण इथे माप फारसं आड येत नाही.

जर्सी घेणार असाल तर भारताची निळी त्याच्याकडे बहुतेक असेलच, रस्त्यावरची "फर्स्ट कॉपी" असली तरी. खेळणाऱ्या माणसाला कापड हात लावताच कळतं: नकली जर्सीत घाम बाहेर जात नाही आणि दोन धुण्यांत छाप निघतो. घ्यायची तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. त्याच्या कपाटातलीच एखादी टी-शर्ट मापाला न्या, कारण खेळाचे शर्ट अंगाला लागून शिवलेले असतात. सही केलेली बॅट किंवा बॉल मात्र घेऊ नका. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सह्या खऱ्या की खोट्या, हे तुम्हाला किंवा मला ठरवता येत नाही, आणि तुमच्या बजेटमध्ये खरी मिळत असेल याची शक्यता फारच कमी.

त्यापेक्षा त्याच्यासोबत एक दिवस घालवा. वाढदिवस रणजीच्या मोसमात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत येत असेल, तर विदर्भाचा घरचा सामना कधी आहे ते बघा आणि त्याला घेऊन जामठ्याच्या स्टेडियमला जा. रणजीला साधारणपणे तिकीट नसतं, गर्दी नसते, बॅटला बॉल लागल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येतो. विदर्भाने २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्याच मोसमात जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून ती राखली, आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा जामठ्यावरच केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा जिंकली. त्या तिसऱ्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम आहे. एवढं सगळं आपल्या गावात घडतं आणि खेळाचे वेडे म्हणवणारे कित्येक जण जामठ्याला फक्त आंतरराष्ट्रीय सामन्यालाच गेलेले असतात. तुमचा भाऊ त्यांच्यातलाच असेल तर त्याला हा दिवस लक्षात राहील. डबा घरून न्यायचा विचार असेल तर आत काय नेऊ देतात ते गेटवर आधी विचारून ठेवा.

आंतरराष्ट्रीय सामन्याचं तिकीट ही उत्तम भेट आहे, पण ती तारखेच्या हातात आहे. सामना जवळ असेल आणि विक्री सुरू झाली त्याच मिनिटाला तुम्ही फोन घेऊन बसलात, तरच. जादा भावाने, तिसऱ्या माणसाकडून, "भाऊ, आहेत दोन" असं म्हणून मिळणारं तिकीट घेऊ नका. आणि परतीचा विचार आधी करा. मेट्रो खापरीपर्यंत आहे, जामठा त्याच्या पुढे. सामना सुटल्यावर वर्धा रोडवर जी गर्दी होते, तिच्यात गाडी असूनही माणूस पायी चालणाऱ्याच्या मागे राहतो.

स्मार्ट वॉचचं उत्तर छोटं आहे. बत्तीस वर्षांच्या नोकरदार माणसाच्या मनगटावर ते बहुतेक असतंच. नसेल तर त्याला नको असेल. पाच हजारांतलं घड्याळ पावलं बऱ्यापैकी मोजतं, कोर्टवर त्याचा फार उपयोग होत नाही, आणि खूप जण खेळताना मनगट मोकळंच ठेवतात. बॅडमिंटनचं चित्र असलेले मग, किचेन, "वर्ल्ड्स बेस्ट प्लेयर" ट्रॉफ्या यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, माझ्याही काउंटरवर त्या आहेत.

बुद्धिबळाबद्दल विचारणारेही हल्ली बरेच असतात, म्हणून जाता जाता. जुलै २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून भेट म्हणून पट मागणारे वाढले, आणि त्यातले अर्धे काचेचा किंवा संगमरवरी पट उचलतात. तो दिवाणखान्यात शोभतो, त्यावर कोणी खेळत नाही. खेळणाऱ्याला साधा, गुंडाळता येणारा पट आणि खाली वजन घातलेल्या प्लास्टिकच्या सोंगट्या लागतात, राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच आणि घर पाच ते सहा सेंटीमीटरचं. इथेही तेच, दिसायला भारी आणि वापरायला भारी या वेगवेगळ्या गोष्टी.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आधी बॅग. बूट गेलेले असतील तर बूट आणि ओव्हरग्रिपचा डबा, बजेट तिथेच संपलं. बूट चांगले, गट मेलेली, तर वर्षभराचं गटिंग आणि उरलेल्या पैशांत शटलचे एक-दोन डबे. दोन्ही चांगले असतील तर माणूस काळजीने खेळणारा आहे, त्याला थर्मल बॅग द्या. आणि बॅग उघडायची संधीच मिळाली नाही, तर त्याच्या डबल्स पार्टनरला गाठा. घरच्यांना माहीत नसतं, पण पार्टनरला सगळं माहीत असतं: कोणाचा बूट घसरतो, कोणाची गट सैल आहे, आणि महिनाभर कोण फुकटचं शटल मारतोय. फक्त त्याला तोंड बंद ठेवायला सांगा, खेळाच्या ग्रुपमध्ये काही लपून राहत नाही.

वाढदिवसाच्या आठवडाभर आधी खरेदी उरकून घ्या, म्हणजे बुटाचा नंबर मागवायची वेळ आली तर हाताशी दिवस राहतील. बिलावर तारीख आणि मॉडेल नीट लिहून घ्या. बॅगेत जे दिसेल ते इथे लिहा: बुटाच्या लेबलवरचे आकडे, रॅकेटच्या कोनावर काय छापलंय, आणि शटल पिसांचं आहे की नायलॉनचं. एवढं कळलं की नेमकं कोणतं घ्यायचं आणि अंदाजे किती लागतील ते सांगतो.